वक्त्यांची निवड

एकत्र कुटुंबांत हल्लीं संगणकाच्या धंद्यांत असलेलें एक तरी माणूस सांपडतें. मुलगा, मुलगी, नाहींतर सून. वर्षांतून एकदोनदां हें माणूस शनिवार-रविवार धरून कोठें तरी परिषदेस जातें. घरांतील वडील मंडळींची समजूत अशी कीं हें कचेरीचेंच काम. पगार देणारानें पाठविलें म्हणून जावयाचें. पुष्कळदां वस्तुस्थिति निराळी असते. प्रोग्रॅमर मंडळींच्या ज्या परिषदा खऱ्या अर्थानें त्यांच्या स्वतःच्या आहेत, त्या कोणत्याहि एका कंपनीच्या नसतात. चालविणारे लोक आपापली नोकरी सांभाळून, रात्रीं जागून, एक पैहि न घेता त्या चालवितात. ग्विडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थानें १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पायथन नांवाच्या संगणकभाषेचें उदाहरण घ्यावें. ती वापरणारांची भारतांतील पहिली परिषद २००९ सालीं बेंगळूरूस भरली, आणि २०११ च्या सप्टेंबरांत, १६ ते १८ या तारखांस, ती पुण्यास आली. (ऐन पितृपंधरवडा होता, तरी परिषद भरली, ही गोष्ट पंचांग पाहून कार्यें ठरविणाऱ्या वाचकांसाठीं नमूद करून ठेवतों.)

नांव नवें असलें तरी वस्तु आपल्या ओळखीची आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ति रानड्यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं सुरू झाली, आणि तेव्हांपासून गांवोगांवच्या वाचनालयांनीं व गणेशोत्सवांनीं तोच कित्ता गिरविला. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं कधीं ना कधीं अशा मालेच्या चालकांत काम केलेलें असेल, आणि व्याख्यात्यांच्या नांवांवरून झालेलीं भांडणेंहि पाहिलीं असतील. फरक आहे तो निवडीच्या रीतींत. व्याख्यानमालेचे चालक आधीं माणूस ठरवितात, मग त्याच्या घरीं जाऊन विषय विचारतात. या परिषदांत कांहीं महिने आधीं जाहीर विनंति निघते कीं ज्याला कांहीं सांगावयाचें असेल त्यानें टिपण पाठवावें. टिपणांत विषयाचें नांव, थोडक्यांत सारांश, व्याख्यान कोणत्या श्रोत्यांसाठीं आहे, त्यांना आधीं काय ठाऊक असावें, आणि कोणता भाग किती मिनिटांत उरकावयाचा, इतकें लिहावें लागतें. एकदोन मुख्य व्याख्यानें तेवढीं आमंत्रणाचीं. बाकीचीं सारीं या ढिगांतून वेंचावयाचीं. ढीग लहान नसतो. उत्तर अमेरिकेंतील पायथनची परिषद २०१४ सालीं कॅनडांत माँट्रियल येथें भरली, तिला सहाशेंहून अधिक टिपणें आलीं, आणि जागा शंभराहूनहि थोड्या कमी होत्या. म्हणजे एका होकारामागें पांचांहून अधिक नकार.

हे नकार कोणाच्या वांट्याला यावे, हाच खरा प्रश्न. आमचा एक पुतण्या पुण्यांत अशाच एका परिषदेच्या निवडसमितीवर आहे. तो सुट्टींत भिवंडीस आला असतां आमच्या थोरल्या बंधूंनीं जेवतांना विषय काढला. त्यांच्या परिचयाचे एक गृहस्थ, एका संगणकाच्या कंपनीचे मालक, यांनीं टिपण पाठविलें होतें, आणि दोनदां फोन करून आठवणहि दिली होती.

"अरे, दोनशें माणसें आहेत त्यांच्या हाताखालीं. बोलतातहि छान. तूं समितींत आहेस, एक नांव घालावयास तुझें काय जातें?"

"अप्पा, मला घालतां येणार नाहीं. पहिल्या फेरींत आमच्यापुढें नांव येतच नाहीं. नुसतें टिपण येतें."

"नांव नाहीं? मग माणसाची पारख करतां कशी?"

"माणसाची करावयाचीच नाहीं. टिपणाची करावयाची."

यावर वहिनी म्हणाल्या, "आमच्या वेळीं पत्रिकासुद्धां नांवगांव पाहिल्यावांचून कोणी हातांत घेत नसे!" सगळे हंसले, आणि विषय तेवढ्यावर राहिला, पण अप्पांच्या कपाळावरची आठी गेली नाहीं. एकत्र कुटुंबांत पुतण्यानें काकांना नाहीं म्हणणें ही लहान गोष्ट नव्हे. ज्या काकांनीं त्याची इंजिनियरिंगची फी भरली त्यांना तर नव्हेच.

आमच्या मतें पुतण्या बरोबर होता. परंतु अप्पांच्या शंकेंत कांहींच तथ्य नाहीं असें समजणेंहि बरें नव्हे. तीनशें श्रोत्यांपुढें एक माणूस अर्धा तास भिकार बोलला तर दीडशें तास फुकट गेले. माहितगार वक्ता घेतला म्हणजे हा धोका टळतो, हें प्रत्येक व्याख्यानमालेच्या चिटणिसाला अनुभवानें ठाऊक असतें. तेव्हां नांव कायमचें झांकून ठेवावें असें कोणीच म्हणत नाहीं. प्रश्न क्रमाचा आहे. माँट्रियलची परिषद भरविणाऱ्या मंडळींनीं त्या सुमारास काम दोन टप्प्यांत केलें. पहिल्या टप्प्यांत प्रत्येक टिपण, लिहिणाराचें नांव न पाहतां, एकेकटें तपासावयाचें: यांत सांगण्यासारखें कांहीं आहे काय? नंतर एकाच विषयावरचीं टिपणें एकत्र मांडून त्यांतलीं कोणतीं ठेवावयाचीं हें ठरवावयाचें. क्रम उलटा केला, नांव आधीं पाहिलें, तर मोठ्या नांवाखालचें पोकळ टिपणहि भारदस्त वाटूं लागतें, आणि अनोळखी नांवाखालचें चांगलें टिपण "पुढल्या वर्षीं पाहूं" म्हणून बाजूस पडतें. आपण सगळेच असे आहों. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नांवाऐवजीं क्रमांक घालण्याची चाल पडली ती परीक्षक लबाड असतात म्हणून नव्हे. ते माणसें असतात म्हणून.

या पडद्याला भोंकेंहि असतात. धंदा लहान, मंडळी एकमेकांस ओळखणारी. चार ओळी वाचल्या कीं हें कोणाचें लिहिणें आहे तें जाणत्याच्या ध्यानांत येतें. अशा वेळीं समितीच्या सभासदानें "हें मला ओळखीचें वाटतें" असें सांगून त्या टिपणापुरतें गप्प बसावें, हाच उपाय. आपल्याच कचेरींतल्या माणसाचें टिपण आलें तरी तसेंच. समितीच्या सभासदांनीं स्वतः टिपण पाठवावें कीं नाहीं, यावर मतभेद आहेत. आम्हांस विचाराल तर पाठवूं नये. पंगतींत वाढणारानें शेवटीं जेवावें.

परंतु मुख्य अडचण याहून खोल आहे, आणि ती पडद्यानें सुटत नाहीं. पडदा न्याय करतो तो आलेल्या टिपणांचा. जें टिपण कोणी लिहिलेंच नाहीं, त्याचा न्याय कोण करणार?

उत्तर अमेरिकेच्या त्या परिषदेंतले आंकडे या बाबतींत बोलके आहेत. २०११ सालीं तेथील व्याख्यानांपैकीं स्त्रियांचीं व्याख्यानें शेंकडा एक होतीं. २०१२ सालीं सात झालीं, २०१३ सालीं पंधरा, २०१४ सालीं तेहतीस, आणि २०१६ सालीं चाळीस. पांच वर्षांत स्त्रियांची बुद्धि चाळीसपट झाली असें कोणी म्हणणार नाहीं! झालें तें असें कीं चालकांपैकीं कांहींजणींनीं ठिकठिकाणच्या प्रोग्रॅमर बायकांना एकेकटें गांठून विचारलें: तुम्ही हें काम केलें आहे, त्यावर टिपण कां पाठवीत नाहीं? लिहावयास मदत हवी काय? बर्लिन येथें २०१२ सालीं भरलेल्या युरोपच्या जावास्क्रिप्ट परिषदेंतहि तेंच घडलें. चालकांनीं आधीं स्त्रियांना टिपणें पाठविण्याची व्यक्तिशः विनंति केली, मग सर्व टिपणांवरचीं नांवें काढून निवड केली. वक्त्यांत शेंकडा पंचवीस स्त्रिया निघाल्या. कोणाला सवलत दिली नव्हती. दारावर जाऊन हांक मात्र मारली होती.

आपल्याकडील सभासंमेलनांचा इतिहास या दृष्टीनें चाळून पाहावा. मराठी ग्रंथकारांचें पहिलें संमेलन १८७८ सालीं पुण्यास भरलें. त्याच्या अध्यक्षपदावर पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, बसल्या त्या १९६१ सालीं ग्वाल्हेरीस. मध्यें त्र्यायशीं वर्षें गेलीं. पुढें दुर्गाबाई भागवत १९७५ सालीं कऱ्हाडास, शांताबाई शेळके १९९६ सालीं आळंदीस, विजया राजाध्यक्ष २००१ सालीं इंदुरास, अरुणा ढेरे २०१९ सालीं यवतमाळास आणि तारा भवाळकर २०२५ सालीं दिल्लीस. अठ्ठ्याण्णव संमेलनांत सहा. या काळांत लिहिणाऱ्या बायकांची वाण होती असें या मासिकाचा वाचक तरी म्हणणार नाहीं. त्याच्याच घरांत त्यांचीं पुस्तकें कपाटभर आहेत.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती ऐकतांना आपल्या मंडळींनीं जरा सरसावून बसावें. १८८५ सालीं ग्रंथकारांची दुसरी सभा भरली, तेव्हां रानड्यांनीं जोतिराव फुल्यांस बोलावणें केलें. फुले आले नाहींत. त्यांनीं पत्र पाठविलें, आणि त्याचा आशय असा होता कीं जे लोक सर्व माणसांचे हक्क खरोखरीं मानीत नाहींत त्यांच्याशीं एकी करून आमच्या लोकांचें हित व्हावयाचें नाहीं. बोलावणें गेलें होतें. रानड्यांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण ज्या मंडपांत आपलें दुःख कळणारा कोणी नाहीं अशी एखाद्याची खात्री झालेली असते, त्या मंडपाचें आमंत्रण कितीहि सुंदर अक्षरांत लिहिलें तरी उपयोगी पडत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे पणजोबा त्या मंडपांत बसले असतील. निवडसमितींत कोण बसतें, हा प्रश्न टिपणें उघडण्यापूर्वींच कां विचारावा, याचें उत्तर त्या एका पत्रांत आहे. एकाच कॉलेजांतले, एकाच पेठेंतले, एकाच तऱ्हेच्या घरांतले सातजण समितीवर बसले, तर त्यांनीं नांवें झांकलीं काय आणि उघडीं ठेवलीं काय, विषय त्यांच्या ओळखीचेच निवडले जाणार.

आमचें भिवंडी गांव यंत्रमागांचें. येथील गल्लींत उभें राहिलें तर दोन माणसांना ओरडून बोलावें लागतें, असा मागांचा खडखडाट. संगणकाचें आणि मागाचें नातें जुनें आहे, हें मात्र येथील पुष्कळांना ठाऊक नसतें. जोसेफ जाकार या फ्रेंच कारागिरानें १८०४ च्या सुमारास नक्षीचें कापड विणण्यासाठीं भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढविली. कोणता धागा केव्हां उचलावयाचा हें पुठ्ठ्यावरचें भोंक सांगे. पुढें चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणित्यानें आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यांत तीच युक्ति उचलली. आमच्या गांवचे माग बहुतेक साध्या कापडाचे, त्यांना पुठ्ठ्यांचें काम नाहीं. पण नात्यानें संगणक हा मागाचा भाचाच लागतो.

आतां अशी कल्पना करूं कीं याच गांवांतल्या एखाद्या मुलीनें वडिलांच्या कारखान्यांतला प्रत्येक माग दिवसांतून कितीदां थांबला, ताण्याचा धागा तुटला म्हणून थांबला कीं वीज गेली म्हणून थांबला, याची नोंद ठेवणारा लहानसा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या खेपेस तो फसला, कारण कामगार नोंद करावयास थांबला तर तेवढा वेळ दुसरा माग उभा राहतो. दुसऱ्या खेपेस तिनें नोंदीची रीत बदलली. तिसऱ्या खेपेस जमलें. हें व्याख्यान परिषदेंत होण्याजोगें आहे काय? आमचा पुतण्या म्हणाला, सोन्यासारखें आहे; कारण काय केलें यापेक्षां काय फसलें आणि कां फसलें हें सांगणारे लोक फार थोडे. पण ही मुलगी टिपण पाठविणार नाहीं. तिला वाटतें, आपण काय मोठें केलें? परिषद मोठ्या शहरांतल्या मोठ्या कंपन्यांच्या लोकांची. तेथें इंग्रजी फाडफाड बोलावें लागतें. आणि समजा पाठविलेंच, तर विषयाचें नांव कोठून तरी पाहून अवजड इंग्रजींत लिहील, फसल्याचा भाग लाज वाटून गाळील, आणि जमलेल्या भागाचीं दोन वाक्यें लिहून थांबेल. नांव झांकून वाचणारा परीक्षक तें टिपण निःपक्षपातानें नापास करील! पडद्याचा हा दोष त्याच्या भक्तांनीं विसरूं नये. टिपण लिहिण्याची कला आणि सांगण्यासारखें कांहीं जवळ असणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि पहिली ज्यांना घरबसल्या मिळते त्यांचीच टिपणें चमकतात.

म्हणून कांहीं परिषदा मुदत संपण्यापूर्वीं टिपण दाखवून घेण्याची सोय करतात. अनुभवी माणूस तें वाचतो आणि विचारतो, "हें पहिल्यांदां फसलें होतें काय? मग तें येथें कां नाहीं?" निवड झाल्यावरहि नवख्या वक्त्याबरोबर एक जाणता माणूस देतात, व्याख्यानाची तालीम करून घेतात. हें काम कंटाळवाणें आहे आणि त्यांत नांव होत नाहीं. पण आमच्या मतें समितीची अर्धी मेहनत येथेंच खर्च व्हावी. भाषेचेंहि तेंच. मराठी मुलीला मराठींत विचार मांडतां येतो, तर महाराष्ट्रांत भरणाऱ्या परिषदेंत चार व्याख्यानें मराठींत कां होऊं नयेत, हें आम्हांस अद्याप कोणीं समजावून दिलेलें नाहीं.

अप्पांचे मालक-मित्र अजून राहिलेच. अशा गृहस्थांची परिषदेला गरज असते हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. सभागृहाचें भाडें, तीनशें माणसांचें जेवण, हें तिकिटांच्या पैशांत भागतेंच असें नाहीं. कंपन्या देणग्या देतात, आणि देणगीदाराला बोलावयास मिळावें असें वाटतें. त्याला व्यासपीठ द्यावयाचें असेल तर उघड द्यावें, कार्यक्रमपत्रिकेवर "देणगीदारांचें भाषण" असें स्वच्छ छापून. निवडलेल्या व्याख्यानांच्या रांगेंत तें चोरून बसवूं नये. श्रोत्याला जाहिरात ऐकावयाची हरकत नसते, फसवणुकीची असते. त्या गृहस्थांचें टिपण दुसऱ्या फेरीपर्यंत पोंचलें नाहीं, हें अप्पांना पुढें कळलें. पुतण्यानें त्यांना स्वतः फोन करून कारण सांगितलें: टिपणांत कंपनीनें काय विकलें तें होतें, काय शिकली तें नव्हतें. गृहस्थांनीं शांतपणें ऐकून घेतलें. अप्पांना मात्र राग ओसरावयास आठवडा लागला.

एकदां दिलेला शब्द परत घेऊं नये, हेंहि जातां जातां नमूद करावयास हवें. २०१९ च्या जानेवारींतील यवतमाळच्या ज्या संमेलनानें निवडणुकीची जुनी चाल मोडून अरुणा ढेरे यांस एकमतानें अध्यक्षपद दिलें, त्याच संमेलनानें उद्घाटनासाठीं नयनतारा सहगल यांस धाडलेलें आमंत्रण आयत्या वेळीं मागें घेतलें. बोलाविलेले कित्येक लेखक मग आलेच नाहींत. निवड करतांना हवा तेवढा वाद घालावा. पत्र टाकल्यावर वाद संपला.

नकाराच्या पत्राविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. पुष्कळ समित्या एकच छापील मजकूर सर्वांना धाडून मोकळ्या होतात. सहाशें टिपणें असतील तर प्रत्येकाला पानभर पत्र लिहिणें शक्य नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण एक ओळ शक्य असते. "याच विषयावर तीन टिपणें आलीं, जागा एकच होती," ही एक ओळ. "विषय चांगला, पण तीस मिनिटांत मावणार नाहीं, एवढाच भाग घेऊन पुन्हां पाठवावें," ही दुसरी. नवख्या माणसाला कारण न देतां नकार मिळाला तर तो स्वतःच कारण शोधतो, आणि त्याला सांपडणारें कारण नेहमीं एकच असतें: मी या मंडळींतला नव्हे. तो पुन्हां टिपण पाठवीत नाहीं. ज्या टिपणांस अगदीं थोडक्यानें जागा मिळाली नाहीं तीं राखीव म्हणून ठेवावीं आणि तसें त्या माणसांना कळवावें. ऐन वेळीं कोणी आजारी पडतें, कोणाचें विमान चुकतें, आणि रिकाम्या अर्ध्या तासाला तयार माणूस मिळतो.

वाचकांच्या घरीं कोणी असें टिपण लिहीत असेल तर घरच्यांकडून फार कांहीं लागत नाहीं. सुनेचें टिपण असेल तर मुदतीच्या आदल्या रात्रीं पाहुण्यांचा स्वयंपाक तिच्या गळ्यांत घालूं नये. निवड झाली तर व्याख्यानाची तालीम घरींच करतां येते. माजघरांत तिला उभें करावें, वडील मंडळींनीं समोर बसावें, एकानें घड्याळ धरावें. व्याख्यान पंचवीस मिनिटांत संपावें, म्हणजे प्रश्नांना पांच उरतात. विषय समजला नाहीं तरी चालेल. पण जेथें समजेनासें झालें तेथें बोट वर करावें, आणि तिनें तीं ठिकाणें कागदावर टिपून घ्यावीं.